जुना प्लग परत मागा

जुनी गाडी गॅरेजच्या दारात उभी राहिली आणि मालकाच्या तोंडून "मिसिंग करतेय" एवढं निघालं की मिस्त्रीचा हात स्पार्क प्लगच्या पान्याकडे जातो. बॉनेट उघडायच्या आधीच निदान झालेलं असतं. जुने प्लग कोपऱ्यातल्या डब्यात, नवे इंजिनात, पैसे गल्ल्यात. काढलेल्या प्लगकडे कुणी क्षणभरही पाहत नाही. चार दिवसांनी गाडी पुन्हा तेच झटके द्यायला लागली की उत्तर ठरलेलं : "गाडी पुरानी हो गई, साहब." याला मी दुरुस्ती म्हणत नाही. हा अडाणीपणा आहे, गाडीमालकाच्या पैशांवर चाललेला आहे, आणि त्याला खतपाणी घालणारे आपणच आहोत.

दुसऱ्या एखाद्या गावात हे चाललं असतं तर मी एवढा चिडलो नसतो. पण हे जबलपूर आहे. इथे १९०४ पासून गन कॅरेज फॅक्टरी आहे. इथे ५०६ आर्मी बेस वर्कशॉप आहे, जिथे फौजेची सामग्री खोलून नव्यासारखी केली जाते. १९६९ साली व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली आणि तिच्यातून शक्तिमान ट्रक निघाले, निसानचे एक टनी ट्रक निघाले आणि जोंगा निघाली. जोंगाच्या तर नावातच हे शहर आहे : जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली. मूळ गाडी निसानची पॅट्रोल. इंजिन चार लिटरचं, सहा सिलेंडर, पेट्रोलवर चालणारं. १९९९ पर्यंत ही गाडी इथे बनत होती. सहा सिलेंडर म्हणजे सहा प्लग, आणि ते प्लग टोकांमधला गॅप मोजून, नेमक्या जोरानं आवळून बसवणारे हात याच शहरात तयार झाले. त्यातली कितीतरी माणसं आज रांझीत, आधारतालला, गढ्याला घरी बसून पेन्शन घेत आहेत. आणि त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, हातात फिलर गेज कधी न धरलेला पोरगा डोळ्यांनीच गॅप "बघून" प्लग बसवतो. एवढं ज्ञान एका पिढीत वाया घालवणाऱ्या शहराला मी माफ करू शकत नाही.

प्लग हा गाडीतला सगळ्यात प्रामाणिक भाग आहे. सिलेंडरच्या आत काय चाललंय ते इंजिन न खोलता सांगणारा दुसरा भाग नाही. वैद्य आधी जीभ बघतो, तसा जाणता फिटर आधी प्लग बघतो. टोकाच्या पांढऱ्या चिनीमातीवर फिकट तपकिरी किंवा राखाडी रंग असेल तर त्या सिलेंडरचं बरं चाललंय. कोरडी, बोटाला लागणारी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय : चोक अडकलाय, एअर फिल्टर तुंबलाय, कार्ब्युरेटरचा फ्लोट बिघडलाय. काळा आणि तेलकट, चमकणारा थर असेल तर ऑइल वर येतंय. रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड संपले आहेत. चिनीमाती पांढरी फटक, तिच्यावर बारीक फोड, इलेक्ट्रोड वितळल्यासारखा असेल तर आत भलतीच उष्णता आहे : हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ आहे, टायमिंग पुढे गेलंय किंवा प्लगच चुकीचा आहे. एवढं वाचायला ना स्कॅनर लागतो ना कॉम्प्युटर. दिवसाचा उजेड लागतो आणि पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं कुणी द्यायला तयार नाही.

माझ्या एका मित्राकडे लष्कराच्या लिलावातून आलेली जोंगा आहे. तिला लागोपाठ नवे प्लग बसवून झाले, तरी चढावर ती मान टाकायची. शेवटी आम्ही व्हेइकल फॅक्टरीतून निवृत्त झालेल्या एका फिटर काकांना बोलावलं. काकांनी आधी इंजिन थंड होऊ दिलं. मग प्लगच्या खड्ड्यांतली धूळ हवेनं उडवली, कारण प्लग निघाला की ती थेट सिलेंडरमध्ये पडते. प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून तिच्यावर आकडा घातला. अंगणात वर्तमानपत्र पसरलं आणि सहाही प्लग ओळीनं, सिलेंडरच्या क्रमानं मांडले. चष्मा कपाळावरून खाली आला. एक, दोन, पाच, सहा ठीक. तीन आणि चार दोन्ही ओले, काळे. काका म्हणाले, "हे बघ, हे दोघं शेजारी आहेत. दोन शेजारी एकाच वेळी आजारी पडले, तर दुखणं दोघांच्या मधल्या भिंतीत असतं. हेड गॅस्केट गेलंय. प्लगनं काय घोडं मारलंय?" कॉम्प्रेशन गेज लावलं, तर तीन आणि चार दोन्ही खाली. गॅस्केट बदललं, तेच प्लग साफ करून परत बसवले, गाडी सुरळीत झाली. आधीच्या गॅरेजवाल्यांनी एकदा जरी काढलेले प्लग ओळीनं मांडले असते तरी हे दिसलं असतं. पण त्यांनी ते काढले तसे डब्यात फेकले. तिसऱ्या सिलेंडरचा कुठला आणि सहाव्याचा कुठला, हे फेकणाऱ्यालाही सांगता आलं नसतं. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, दुसरं काय!

आता निवडीकडे येतो, कारण खरा घोळ दुकानाच्या काउंटरवर आहे. जुना प्लग घेऊन दुकानात जा. दुकानदार तो हातात घेतो, आटे बघतो, कपाटातून तसाच दिसणारा काढतो आणि पुढे सरकवतो. "आठ नंबरचा होता ना? हा घ्या आठ नंबर." हे वाक्य मी या शहरात इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकलं की डोकं फिरतं. तो आकडा प्लगची उष्णता झेलायची ताकद सांगतो, आणि प्रत्येक कंपनीची मोजायची दिशा एक नाही. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड होत जातो, म्हणजे टोकाची उष्णता हेडकडे लवकर सोडतो. डेन्सोचंही तसंच, पण त्यांचे आकडे निराळे : एनजीकेचा सहा म्हणजे डेन्सोचा वीस. बॉशमध्ये नेमकं उलटं. तिथे आकडा वाढला की प्लग गरम. आपल्या जुन्या गाड्यांत वर्षानुवर्षं मायकोचे प्लग बसले. मायको म्हणजे १९५१ साली बंगळुरूला सुरू झालेली बॉशचीच कंपनी, २००८ पासून तिचं नाव बॉश झालं. तेव्हा मायकोचा आठ काढून एनजीकेचा आठ बसवला, तर आकडा तोच राहिला आणि प्लग तीन पायऱ्या थंड झाला. बॉशच्या आठाला एनजीकेचा पाच जुळतो. प्लगचं टोक साधारण ५०० अंशांच्या वर गेलं की आपली काजळी आपणच जाळतं. त्याच्या खाली राहिलं की काजळी साचते, करंट तिच्यावरून गळतो, ठिणगी पडत नाही. गाडी मिसिंग करते. मालक परत गॅरेजमध्ये, मिस्त्री परत प्लग बदलतो, तोच चुकीचा आठ.

उलटी चूक झाली तर आणखी वाईट. एनजीकेच्या आठाच्या जागी बॉशचा आठ बसला तर टोक ८०० अंशांच्या पलीकडे तापतं आणि ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेट घेतं. नागपूरला लग्नकार्यासाठी भर मे महिन्यात निघालेली गाडी कुरईच्या घाटात खडखडायला लागते, आणि ती खडखड पिस्टनचं डोकं जाळून थांबते. हजारोंचा खर्च, आणि कारण काय, तर काउंटरपलीकडच्या माणसानं आकडा वाचला पण कंपनीचं नाव वाचलं नाही. जो माणूस दिवसभर प्लग विकतो त्याला एवढं ठाऊक असायलाच हवं. नसेल तर त्यानं प्लग विकू नयेत.

अक्षरांचंही तेच. बीपी६ईएस आणि बीपी६एचएस हे दोन प्लग शेजारी ठेवून बघा. आटे तेच, १४ मिलिमीटरचे. पाना तोच. फरक एका अक्षराचा : ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर, एच म्हणजे पाऊण इंचाऐवजी अर्धा, १२.७ मिलिमीटर. लांब भोकात आखूड प्लग बसवला तर ठिणगी खोबणीत पडते, उघड्या राहिलेल्या आट्यांवर कार्बन चढतो, आणि पुढे बरोबर प्लग आणलात तरी तो शेवटपर्यंत जात नाही. आखूड भोकात लांब प्लग बसवला तर त्याचे आटे आत लोंबतात, तापून लाल होतात, आणि नशीब फारच वाईट असेल तर पिस्टन किंवा व्हॉल्व्ह येऊन आपटतो. मी दोन्ही प्रकार पाहिले आहेत. दोन्ही वेळा बसवणाऱ्याचं म्हणणं एकच : "फिट तो हो गया था." फिट होणं आणि बरोबर असणं यात फरक आहे, एवढंही ज्याला कळत नाही त्याच्या हातात आपण इंजिन देतो.

मग इरिडियम. गेल्या काही वर्षांत हे नवं फॅड आलंय. पॉइंट-कंडेन्सरवर चालणाऱ्या ॲम्बेसेडरला, पद्मिनीला, कार्ब्युरेटरच्या मारुतीला इरिडियमचे प्लग चिकटवायचे आणि सांगायचं की पिकअप वाढेल, ॲव्हरेज वाढेल, स्टार्टिंग सुधारेल. इरिडियम हा उत्तम धातू आहे, त्याबद्दल माझं भांडण नाही. तो २४०० अंशांच्या वर वितळतो, म्हणून त्याचं टोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास बारीक करता येतं आणि ते लवकर झिजत नाही. ज्या नव्या गाड्यांत प्लग मॅनिफोल्डखाली गाडलेले असतात आणि लाखभर किलोमीटर हात लावायचा नसतो, तिथे त्याची किंमत वसूल होते. पण ज्या इंजिनाच्या रिंगा संपल्या आहेत, जे ऑइल पितं, ते इंजिन इरिडियमच्या टोकावरही तेवढंच ऑइल ओततं. तेल चढलेला प्लग दीडशेचा असो की आठशेचा, ठिणगी देत नाही. जुन्या गाडीला साधा निकेलचा प्लग पुरतो. बरोबर नंबरचा घ्या, पंधरा-वीस हजार किलोमीटरला बदला, मधे काढून बघा. वाचलेल्या पैशांत डिस्ट्रिब्युटरची टोपी, रोटर, पॉइंट आणि प्लगच्या वायरी बघून घ्या, कारण जुन्या गाडीची ठिणगी बहुतेक वेळा तिथेच मरते. हे सांगणाऱ्याचा गल्ला भरत नाही, म्हणून हे कुणी सांगत नाही. महाग प्लग घेऊन आलेल्या मंडळींचा आणखी एक उद्योग पाहिला : बारीक इरिडियम टोकावर जुन्या सवयीनं पान्यानं ठोकून गॅप कमी करणं. टोक तुटलं. दुकानदारानं हात वर केले.

बाजारात नकली प्लगही आहेत, आणि भरपूर आहेत. अस्सल प्लगवरचा वॉशर सहज निघत नाही. बोटांनी फिरवून तो सुटून हातात आला तर प्लग परत करा आणि ते दुकान सोडा.

गॅपबद्दल वाद घालायचं कारणच नाही. पॉइंटवर चालणाऱ्या गाडीला ०.६ ते ०.७ मिलिमीटरच्या आसपास लागतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो, आणि फिलर गेज एका वेळच्या चहा-समोशाच्या पैशात येतं. नवीन प्लग डब्यातून काढून थेट बसवणारे म्हणतात की कंपनीनं गॅप लावून दिलाय. कंपनीनं तो एकाच प्लगला पन्नास गाड्यांसाठी लावलेला असतो, शिवाय डबा वाटेत चार वेळा पडलेला असतो. वाळूच्या झोतानं प्लग साफ करणं तर बंदच व्हायला हवं. चिनीमाती आणि लोखंडी कवचाच्या मधल्या फटीत वाळूचा एखादा कण राहतो आणि इंजिन सुरू झाल्यावर सिलेंडरमध्ये उतरतो. तारेच्या ब्रशनं घासलं तर चिनीमातीवर धातूची रेघ उमटते, आणि करंटला नवी वाट मिळते.

माझा स्वतःचा राग मात्र आवळण्यावर आहे. माझ्या मारुती ८०० चं हेड ॲल्युमिनियमचं आहे. शहरातल्या एका गॅरेजमध्ये ती भर दुपारी, उन्हातून आल्या आल्या आत घेतली. पंखा अजून फिरत होता. मी म्हटलं, थंड होऊ द्या. उत्तर मिळालं की टाइम नाही. पोऱ्यानं पान्याला पाइप जोडला आणि जोर लावला. प्लग निघाला तेव्हा त्याच्या आट्यांत चांदीसारखा चमकणारा, लोकरीसारखा कीस अडकला होता. ते माझ्या हेडचे आटे होते. नवा प्लग त्यानं हातानं फिरवून बघितलाच नाही, सरळ पाना लावला, आणि तो वाकडा चढला. मग "गाडी पुरानी है" हे सुरू झालं. १४ मिलिमीटरचा प्लग हातानं तळापर्यंत जायला हवा. वॉशर टेकल्यावर नवा असेल तर पान्यानं अर्धा ते पाऊण फेऱ्याच्या आत थांबायचं. आधी वापरलेला असेल तर घड्याळाच्या काट्याच्या एका तासाएवढं फिरवलं की पुरे. टॉर्क पाना असेल तर अडीच ते तीन किलोग्रॅम-मीटर. जोंगाच्या असेंब्ली लाइनवर काम केलेल्या कुठल्याही माणसाला हे झोपेत विचारा. माझ्या हेडला शेवटी दुसऱ्या ठिकाणी आट्यांची नवी बुश बसवावी लागली. ज्यानं आटे खाल्ले त्यानं एक रुपया दिला नाही, आणि साधं "चुकलं" म्हणाला नाही.

सरकारलाही यातून सोडणार नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं आणि २०२५ पर्यंत ते देशभरातल्या पंपांवर पोचलं. जुन्या गाडीसाठी साध्या पेट्रोलचा पर्याय पंपावर ठेवला नाही. पेट्रोल जळायला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला नऊच. नव्या गाडीचा सेन्सर ते ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्ब्युरेटरचं जेट म्हणजे पितळेतलं एक भोक. ते काही वाढत नाही. मिश्रण पातळ होतं, आणि प्लग पांढरे पडायला लागतात. पेट्रोलियम मंत्रालयानं एवढं मान्य केलं की काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग बदलावे लागतील. जेट कुठलं घालायचं, टायमिंग किती ठेवायचं, हे जुन्या गाडीवाल्याला कुणी एका शब्दानं सांगितलं नाही. अशा वेळी प्लगचा रंग हा एकच इशारा आपल्या हातात उरतो. तो न वाचता प्लग फेकून देणं म्हणजे गाडीचं पुढचं दुखणं ठरवून ओढवून घेणं आहे. पांढरा प्लग दिसला तर कार्ब्युरेटर जाणणाऱ्याकडे जा आणि मेन जेट वाढवून घ्या. नुसता थंड प्लग घालून झाकू नका.

आणि मालकांनो, तुम्हाला वेगळं सांगायला हवं. पंधरा वर्षांपुढची गाडी फी भरून पुन्हा नोंदवता, तिला पॉलिश करता, रविवारी ग्वारीघाटाला मिरवून आणता, धोनीनं २०१९ मध्ये जोंगा घेतली तेव्हा फोटो फिरवून छाती फुगवता. आणि आपल्या गाडीला कुठल्या नंबरचा प्लग लागतो हे तुम्हाला सांगता येत नाही. गाडी आठवड्यातून एकदा सदरच्या बाजारापर्यंत नेऊन परत आणता. तेवढ्यात प्लग तापतच नाही, काजळी धरतो, आणि मग तुम्ही नवा सेट घालता. त्याऐवजी गाडी भेडाघाटपर्यंत एकसारख्या वेगानं नेऊन आणा. अर्ध्या तक्रारी तिथेच संपतील आणि पैसाही लागणार नाही.

माझी मागणी एवढीच आहे. रांझीच्या, आधारतालच्या निवृत्त फिटरांना गॅरेजवाल्यांनी आठवड्यातून एक दिवस बोलवावं, मानधन देऊन बोलवावं, आणि आपल्या पोरांना प्लग वाचायला शिकवावं. आयटीआयच्या मास्तरांनी फळ्यावर प्लगचं चित्र काढण्याऐवजी पोरांच्या हातात दहा मेलेले प्लग द्यावेत. आणि तुम्ही पुढच्या वेळी गाडी गॅरेजमध्ये द्याल तेव्हा पैसे देण्याआधी काढलेले प्लग मागून घ्या, सिलेंडरच्या क्रमानं, प्रत्येकावर आकडा घालून. प्रत्येकाचा रंग का तसा आहे, हे मिस्त्रीला विचारा. नव्या प्लगच्या डब्यावरचं नाव आणि नंबर गाडीच्या पुस्तकाशी ताडून बघा. जो मिस्त्री जुने प्लग द्यायला कुरकुर करेल, त्याच्या दारात पुन्हा गाडी उभी करू नका.